भाड्याचा कॅमेरा आणि आपला इतिहास

१

ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांचा इतिहास दुसऱ्यांच्या दप्तरांत शोधावा लागतो. महारवतनाचा इतिहास सरकारी कागदांत सापडतो, लष्करातील महारांचा पलटणींच्या नोंदींत, आणि स्पृश्यास्पृश्यतेचा तर पुष्कळदा ती पाळणाऱ्यांच्याच ग्रंथांत. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ साली शाळा काढली तेव्हापासून आपण ही अक्षरबंदी मोडत आलो आहोत. 'मूकनायक'पासून आजच्या नियतकालिकांपर्यंत आपण आपला छापील पुरावा स्वतः निर्माण केला. परंतु विसाव्या शतकाने अक्षराच्या जोडीला पुराव्याचे आणखी एक साधन आणले, ते म्हणजे हलते चित्र. या साधनाच्या बाबतीत आपली स्थिती काय आहे, याचा विचार आपल्या चळवळीत फारसा झालेला नाही. साहित्याची चर्चा आपण खूप केली. कॅमेऱ्याची मात्र केली नाही.

एकच उदाहरण घेऊ. १९३० सालच्या मार्च महिन्यात या देशात दोन सत्याग्रह सुरू झाले. २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष उभे राहिले. त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. दांडीयात्रेचे चित्रीकरण झाले. ती काठी, ती चाल आणि मागची माणसे आज शाळेतल्या पोरालाही ओळखू येतात. काळारामचा लढा पाच वर्षे चालला, पण त्याचे हलते चित्र आपल्यापाशी नाही. एका सत्याग्रहाला लोकांच्या डोळ्यांत जागा मिळाली आणि दुसऱ्याला फक्त ग्रंथांत. याचे कारण सत्याग्रहाच्या मोलात शोधू नये. कॅमेरा कोणाच्या हाती होता, फिल्म कोणाच्या पैशाने आली होती आणि ती कोणाकडे तोंड करून उभी होती, यात ते शोधले पाहिजे.

कॅमेरा हे महागडे यंत्र आहे. ते आपल्या घरात नव्हते आणि आजही बहुतेकांच्या घरात नाही. आपण ते मागून आणले, भाड्याने आणले. म्हणून आपल्या हलत्या चित्रांचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणावर भाड्याच्या कॅमेऱ्याचा इतिहास आहे. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

या इतिहासाचे पहिले ठळक पान ७ डिसेंबर १९५६ चे आहे. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली आणि लाखो माणसे रस्त्यावर आली. त्या दिवशी जे चित्रीकरण झाले आणि जे आज आपण दर ६ डिसेंबरला पाहतो, त्यामागे एका माणसाची धडपड आहे. त्यांचे नाव नामदेवराव व्हटकर. ते लेखक, नाटककार आणि चित्रपटांत वावरलेले गृहस्थ होते. हा दिवस फिल्मवर उतरला पाहिजे, ही जाण त्यांना त्या शोकाच्या घाईतही होती. हाती पैसा नव्हता. त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला, त्या पैशातून कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली आणि सुमारे तीन हजार फूट चित्रीकरण करून घेतले.

तीन हजार फूट म्हणजे किती? पस्तीस मिलिमीटर फितीचा हिशेब लावला तर सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. म्हणजे जेमतेम तेहतीस मिनिटे. एवढ्या वेळात एका युगाचा निरोप बसवायचा होता. त्या काळी कच्ची फिल्म परदेशातून यायची. उटीचा सरकारी फिल्म कारखाना १९६० नंतरचा. प्रत्येक फुटाला पैसा होता, म्हणून प्रत्येक फुटाला विचारही होता. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ चालू ठेवायचा, कोणाचा चेहरा घ्यायचा, हे तिथल्या तिथे ठरवावे लागले असेल.

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळक्यांनी कर्ज काढून, विम्यावर पैसे उभे करून विलायतेहून कॅमेरा आणला, ही कथा प्रत्येक पुस्तकात असते. ती असावीच. पण व्हटकरांनी छापखाना गहाण टाकला ही कथा त्या पुस्तकांत शोधून पाहा. छापखाना म्हणजे त्यांची रोजीरोटी आणि त्यांचे अक्षर. अक्षर गहाण टाकून त्यांनी चित्र मिळवले. फाळक्यांना कॅमेरा विकत घ्यायचा होता, कारण त्यांना धंदा उभारायचा होता. व्हटकरांना एका दिवसापुरता कॅमेरा हवा होता, कारण तो दिवस पुन्हा येणार नव्हता.

यात आपल्याला एक सूत्र सापडते. कॅमेरा परत गेला, फिल्म उरली. यंत्र दुसऱ्याचे होते, स्मृती आपली राहिली. हे सूत्र ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

३

आता पुण्याकडे वळू. कारण महाराष्ट्रात कॅमेऱ्याची विद्या ज्या शहरात सर्वांत पद्धतशीर रुजली, ते हे शहर.

त्याची मुळे कोल्हापुरात आहेत. बाबूराव पेंटर हे सुतार-कारागिराच्या घरातले. परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी त्यांनी आपल्या साथीदारांसह कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. महाराष्ट्राच्या चित्रपटाचा पाया असा कारागिराच्या हाताने, कानशीने आणि लेथवर घातला गेला आहे. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यात आणली. प्रभातने १९३५ साली एकनाथांवर चित्रपट काढला. त्यात अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत दाखवला होता. त्याचे मूळ नाव 'महात्मा' हे सेन्सॉरला खपले नाही, म्हणून तो 'धर्मात्मा' झाला. पुणे करार होऊन तीनच वर्षे झाली होती. येरवड्याच्या तुरुंगात आपल्या स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न बुडाला आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला अस्पृश्यतेवर करुणेचा चित्रपट तयार झाला. त्या चित्रपटात अस्पृश्य आहे, पण तो संताच्या मोठेपणाची खूण म्हणून आहे. त्याच्यावर प्रकाश पडतो, परंतु कॅमेरा त्याच्या डोळ्यांनी पाहत नाही.

प्रभात १९५३ च्या सुमारास बंद पडली. १९६० साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. १९७४ साली दिल्लीतले दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही इथे आणले गेले. तत्पूर्वी २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते, आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यातही दिसू लागले होते. म्हणजे चित्रपट शिकवणारी संस्था, चित्रपट जपणारी संस्था, आणि त्यांच्या आसपास वाढलेला कॅमेरे, दिवे, ध्वनियंत्रे भाड्याने देणाऱ्यांचा व्यवसाय, असे सगळे या शहरात आहे.

विधि महाविद्यालय रस्त्यावरच्या त्या फाटकापासून वडारवाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्यांनी या शहराचा दगड फोडला त्यांची ती वस्ती. त्या अंतरात किती पिढ्या गेल्या याचा विचार केला की तंत्रविद्या आणि जात यांचे नाते कळते. फाटकावर कोणी जात विचारत नाही, हे खरे. परंतु आत काय चालते हे माहीत असणारे कोणी घरात नसले, प्रवेशपरीक्षेची भाषा परकी असली आणि शिक्षण संपेपर्यंत घरात चूल पेटवण्याची जबाबदारी अंगावर असली, म्हणजे फाटक उघडे असूनही बंदच असते.

या विद्येच्या कारखान्यात आपली माणसे नव्हती असे मात्र समजू नये. ती होती, ट्रॉली ढकलत, दिवे खांद्यावर वाहत, जनरेटरपाशी रात्र काढत होती. भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर जो अटेंडंट येतो, तो पेटी उघडतो, लेन्स पुसून लावतो, बॅटऱ्या मोजतो, रात्री सगळे परत पेटीत भरून दुकानात पोचवतो. मी जे अटेंडंट आणि लाइटमन पाहिले त्यांतले कितीतरी वस्त्यांतून आलेले होते. यंत्राची नाडी त्यांना दिग्दर्शकापेक्षा अधिक कळते. कोणता कॅमेरा उन्हात तापून बंद पडतो आणि कोणत्या केबलचा जोड सैल आहे, हे ते डोळे मिटून सांगतात. श्रेयनामावलीत त्यांचे नाव शेवटी येते, किंवा येतच नाही. हाताने काम करणारा खाली आणि दुरून आज्ञा देणारा वर, ही श्रमाची जुनी उतरंड इथे इंग्रजी नावे घेऊन उभी आहे.

४

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि काही प्रमाणात हे चित्र बदलले. फिल्म धुण्याची प्रयोगशाळा नको, रीळ नको, काढलेले लगेच टीव्हीवर पाहता येते. लग्नाचे चित्रीकरण हा धंदा गावोगाव पसरला आणि वस्तीवस्तीत एखादा 'शूटिंगवाला' तयार झाला. त्यात आपलीही पोरे होती. लग्नसराईत लग्ने, एरवी १४ एप्रिलची मिरवणूक, १ जानेवारीला भीमा कोरेगावचा जयस्तंभ, नेत्यांच्या सभा आणि कव्वालीचे सामने त्यांनी टिपले. पेठेतून दिवसाच्या भाड्याने आणलेला कॅमेरा खांद्यावर टाकून या पोरांनी जे काढले, तो आपल्या लोकजीवनाचा प्रचंड दस्तऐवज आहे. कोणत्याही विद्यापीठाने तो गोळा केलेला नाही.

त्यानंतर हाय डेफिनिशन आले. ज्यांचा या तंत्राशी संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. जुन्या दूरचित्रवाणीचे चित्र आपल्याकडे ५७६ ओळींचे होते. साध्या डिजिटल चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ असे सुमारे चार लाख बिंदू बसतात. हाय डेफिनिशनच्या पूर्ण चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. म्हणजे पाचपट. असे मोठे कॅमेरे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले, पण ते स्टुडिओंच्या आवाक्यातले. हातात धरून वापरता येणारे कॅमेरे २००३-०४ च्या सुमारास बाजारात येऊ लागले. २००८ साली तर स्थिरचित्रांच्या एका कॅमेऱ्यातच पूर्ण हाय डेफिनिशन चित्रीकरणाची सोय झाली आणि भाड्याच्या दुकानांचे स्वरूप पालटले.

पाचपट बिंदूंचे आपल्याला काय करायचे, असे कोणी विचारील. मी अनुभवाने सांगतो. एखाद्या जुन्या शाहिराची गाण्यांची वही असते. पाने पिवळी, शाई उडालेली, मोडी वळणाचे अक्षर. साध्या व्हिडिओत ते पान म्हणजे राखाडी डाग दिसतो. हाय डेफिनिशनमध्ये अक्षर वाचता येते. जयस्तंभापाशी लोटलेल्या गर्दीत साध्या चित्रात नुसती डोकी दिसतात, इथे चेहरे दिसतात. गर्दी म्हणून मोजले जाणे आणि माणूस म्हणून ओळखले जाणे यात जे अंतर आहे, ते या बिंदूंनी थोडे कमी होते.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये याहून दाट चित्र निघते, मग व्यावसायिक कॅमेरा भाड्याने कशाला, हाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. फोनने घटना टिपता येते, त्याचे महत्त्व पुढे सांगणारच आहे. पण दोन तासांचा जलसा टिपायचा असेल तर फोन पुरत नाही. व्यावसायिक कॅमेऱ्याला ध्वनीसाठी दोन स्वतंत्र वाटा असतात. एकीत शाहिराचा आवाज आणि दुसरीत ढोलकी व झीलकरी वेगळे घेता येतात. दुरून जवळचे घेणारी झूम लेन्स असते. भर उन्हात चेहरा जळू नये म्हणून भिंगामागे काच सरकवता येते. बॅटरी बदलता येते, कार्ड बदलता येते. चित्र अंधुक असले तरी माणूस समजून घेतो; शब्द ऐकू आला नाही तर गाणे मेले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की पैसे कमी असतील तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या, पण माइक चांगला घ्या.

भाड्याची रीत अशी. दर दिवसाचा किंवा बारा तासांच्या पाळीचा असतो. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, माइक, दिवे, प्रत्येकाचे भाडे निराळे. अनामत रक्कम ठेवावी लागते, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. ओळख नसेल तर जामीन कोण, हा प्रश्न येतो. एका दुकानात आमच्या विद्यार्थ्याने पत्ता ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीचा सांगितला तेव्हा अनामत दुप्पट झाली. त्याच यंत्रासाठी कोथरूडच्या पत्त्यावर नेहमीची रक्कम पुरली होती. दुकानदाराने जातीचा उच्चारही केला नाही. त्याने फक्त पिनकोड पाहिला. आज शहरात जात अशी पत्त्यातून बोलते. यावर तोडगा म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी मिळून जामीन राहण्याची पद्धत पाडली. नोकरी असलेला एक प्राध्यापक, एक बँकेतला कर्मचारी, एक वकील अशी नावे असली की पोरांना यंत्र मिळते. ही गोष्ट छोटी आहे, पण चळवळीतल्या नोकरदार वर्गाने आपण काय करू शकतो असे विचारले, तर मी प्रथम हीच सांगतो.

५

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

व्हटकरांच्या वेळी कॅमेरा परत गेला आणि फिल्म उरली. व्हिडिओच्या काळात कॅमेरा परत गेला आणि कॅसेट उरली. कॅसेट घरच्या कपाटात, पेटीत, माळ्यावर का होईना, होती. आजच्या कॅमेऱ्यात कॅसेट नाही. चित्र एका कार्डावर उतरते. सेकंदाला पन्नास मेगाबिट या दराने एका तासाला सुमारे बावीस गिगाबाइट जागा लागते. चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड तीन तासांच्या आतच भरते. हे कार्डही पुष्कळदा भाड्याचेच असते. संध्याकाळी ते परत जाते, दुकानात पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या लग्नाला जाते. मधल्या चार तासांत कोणी त्याची नक्कल उतरवून घेतली नाही तर तो दिवस झालाच नाही असे समजायचे.

म्हणजे यंत्र सुधारले, चित्र पाचपट स्वच्छ झाले, पण स्मृती जी पूर्वी आपल्याकडे राहत होती तीही आता यंत्राबरोबर परत जाऊ लागली.

कॅसेटवाल्यांची स्थितीही चांगली म्हणता येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. शिवाय फीत शाबूत असली तरी ती वाजवणारे यंत्र राहिलेले नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. ती जगातली शेवटची मोठी उत्पादक होती. संस्थांच्या कोठारांतही काय होते हे आपण पाहिले आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती आगीत गेल्या. जिथे सरकारी पैसा आणि पगारी माणसे आहेत तिथे ही गत, तर वस्तीतल्या पत्र्याच्या कपाटाची काय कथा!

एका कार्यकर्त्याने मला सांगितलेली हकिकत अशी. त्यांच्या मंडळाने नव्वदच्या दशकात सलग काही वर्षे भीमजयंतीचे चित्रीकरण एका व्यावसायिकाला पैसे देऊन करून घेतले. त्यात आज हयात नसलेले गायक होते, वस्तीतल्या जुन्या बायांनी जात्यावर बसून म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या होत्या. मंडळाला दरवर्षी तासाभराची एक जोडलेली कॅसेट मिळे. मूळ कॅसेटी त्या व्यावसायिकाकडेच राहत. पुढे मागायला गेले तेव्हा कळले की त्यांवर दुसरी लग्ने चढली. "कॅसेटी माझ्या होत्या, तुम्ही फक्त शूटिंगचे पैसे दिलेत," असे उत्तर मिळाले.

हे उत्तर कायद्याला धरून नव्हते, हे आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम असे सांगते की मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्रफीत तयार केली असेल, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला हक्कदार पैसे देऊन ती करवून घेणारा असतो. कोऱ्या कॅसेटची किंमत कोणी दिली एवढ्यावर चित्राची मालकी ठरत नाही. मंडळाने वर्गणीतून पैसे मोजले तर हक्क मंडळाचा. परंतु हा हक्क बजावण्यासाठी पावती हवी, आणि 'मूळ चित्रीकरण मंडळाकडे सुपूर्द करावे' अशी एक ओळ कागदावर हवी. आपण मिरवणुकीच्या वाद्यांचा हिशेब पैशापैशाने ठेवतो. ही ओळ मात्र लिहीत नाही.

६

चित्र हा केवळ आठवणींचा विषय असता तर एवढा आग्रह धरला नसता. तो न्यायाचाही विषय आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता असे समर्थन पोलिसांकडून झाले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. या घटनेने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी तेव्हापासून चौदा वर्षे चित्रीकरण करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. पुण्याच्या कबीर कला मंचाची गाणी आणि माणसेही त्यात आहेत. चौदा वर्षे मूळ चित्रीकरण सांभाळून ठेवले गेले, म्हणून तो चित्रपट झाला. चित्र काढणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ते जपणे महत्त्वाचे, हे त्याने दाखवून दिले.

तारीख तीच, वर्ष २०१६. ११ जुलैला गुजरातेत उनामध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या आपल्या चार तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. ते चित्रीकरण मारणाऱ्यांनीच फोनवर केले आणि अभिमानाने पसरवले. कॅमेरा त्यांच्या हातात होता, कारण आपल्याला कोण विचारणार ही खात्री होती. त्याच चित्राने देश हादरला आणि तेच त्यांच्या विरुद्ध पुरावा झाले. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्या मर्जीप्रमाणेच चित्र बोलते असे नाही. ते पाहणारा समाज जागा असावा लागतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. त्याच्या दहाव्या पोटकलमानुसार या कायद्याखालच्या गुन्ह्यांसंबंधीच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रमुद्रण झाले पाहिजे. ही तरतूद किती कार्यकर्त्यांनी कोर्टात मागितली आहे? वकिलाने अर्ज द्यावा, न्यायालयाला आठवण करून द्यावी, हे काम आपले आहे.

पुरावा म्हणून चित्र कोर्टात न्यायचे तर त्याचेही नियम आहेत. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण पुराव्यात आले, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर प्रकरणात नियम स्पष्ट केला. मूळ यंत्र त्याच्या मालकानेच साक्षीत हजर केले तर गोष्ट निराळी. एरवी नकलेबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आले आहे, आणि फाइलचा 'हॅश' म्हणजे तिचा अंकांतला ठसाही त्यात नोंदवावा लागतो. भाड्याच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ काय? यंत्र दुसऱ्याचे, कार्ड दुसऱ्याचे, दोन्ही परत गेलेले. अशा वेळी कोणत्या दिवशी, कोणते यंत्र, कोणत्या पावतीवर आणले, कोणी चालवले, नक्कल कोणी व कधी उतरवली, याची लेखी नोंद हीच आपली बाजू. भाड्याची पावती म्हणूनच फेकून देऊ नये. उद्या तीच साक्षीदार होईल.

७

कॅमेरा आपल्या हाती आला म्हणजे आपली दृष्टी आपोआप आली, असा भाबडेपणा करता येणार नाही. वस्तीत कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची आपल्या बायाबापड्यांना सवय आहे. निवडणूक आली की येतात, पूर आला की येतात, कोणी मेले की येतात. रडणारी बाई त्यांना हवी असते. आम्ही ताडीवाला रस्त्याला एका आजींच्या ओव्या टिपायला गेलो तेव्हा त्यांनी आधी विचारले, "बाळा, हे नेशील ते परत आणून दावशील का? का त्यांच्यावानी जाशील?" माझ्या मते चित्रपटविद्येच्या अभ्यासक्रमातला हा पहिला प्रश्न असायला हवा. आम्ही ते चित्रीकरण वस्तीच्या विहारात पडद्यावर दाखवले, नक्कल त्यांच्या नातवाकडे दिली आणि मगच आमच्याकडची ठेवली.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी डुकरे धरणाऱ्या घरातला जब्या दगड उचलतो आणि तो थेट पडद्याकडे, आपल्याकडे भिरकावतो. आजवर भिंगाने आपल्याकडे पाहिले. तिथे पाहिला जाणारा उलटून पाहतो. मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट विद्यार्थिदशेत केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यंत्राची मालकी नसताना दृष्टीची मालकी असू शकते, याचे हे उदाहरण आहे. अतुल पेठे यांच्या 'कचराकोंडी'ने पुण्याच्या सफाई कामगारांचे काम या शहराला दाखवले. प्रत्येकजण मोठा चित्रपट करणार नाही. तशी गरजही नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली गेले. त्यांच्याबरोबर गायलेले, पेटी-ढोलकी वाजवलेले, ज्यांची नावे कुठे छापली नाहीत असे कितीतरी लोक अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जायला राष्ट्रीय पुरस्कार लागत नाही. एक दिवसाचे भाडे लागते.

म्हणून चळवळीतल्या मित्रांपुढे, शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मी काही सूचना ठेवतो. प्रत्येक मंडळाने जयंतीच्या खर्चातला एक लहान हिस्सा चित्रीकरणासाठी नव्हे, तर चित्रीकरण जपण्यासाठी बाजूला काढावा. कार्ड भाड्याने न घेता विकत घ्यावे. कॅमेऱ्यापुढे त्याची किंमत नगण्य असते. कार्ड परत जाण्याआधी त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर नक्कल करावी, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. तारीख, ठिकाण, गाणाऱ्याचे पूर्ण नाव, चित्रीकरण करणाऱ्याचे आणि अटेंडंटचेही नाव वहीत लिहावे. वस्तीतल्या जुन्या शूटिंगवाल्यांकडे जाऊन त्यांच्या कॅसेटी मागाव्यात, आणि वाजवणारे यंत्र जिथे शिल्लक असेल तिथे त्या उतरवून घ्याव्यात. महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी हे काम द्यावे व त्याला गुण द्यावेत. पुण्यात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपणारे स्मारक आहे, चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. आपल्या वस्त्यांच्या हलत्या चित्रांना त्यांच्यात जागा मागावी, आणि ती मिळेपर्यंत आपल्या विहारातल्या कपाटात जागा करावी.

कॅमेरा विकत घेण्याची ऐपत येईल तेव्हा येईल. तोवर तो भाड्याचा असला तरी चालेल. १९५६ साली भाड्याच्याच कॅमेऱ्याने आपले काम केले. मात्र त्यातून निघालेली स्मृती भाड्याची राहता कामा नये. व्हटकरांनी त्यासाठी छापखाना गहाण टाकला होता. आपल्याला गहाण टाकायचे काही नाही. संध्याकाळी कार्ड परत देण्यापूर्वी नक्कल तेवढी काढायची आहे.